आमच्याकडेच कमी आहे

कॅम्पर ट्रेलरच्या दारातून आत शिरलं की बाजूच्या भिंतीवर एक छोटी पट्टी असते. तिच्यावरचं बटण दाबलं की दिवे लागतात: रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, भरलेली. ट्रेलरच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी अंघोळीच्या आणि भांड्यांच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. कुठली किती भरली हे त्या दिव्यांवरून कळतं. घरात नळ सोडताना आपल्याला यातलं काहीच दिसत नाही. पाणी कुठून येतं ते दिसत नाही, कुठे जातं तेही नाही. ट्रेलरमध्ये दोन्ही टोकं तुमच्या पायाखाली असतात आणि त्यांचा हिशोब भिंतीवर.

या जानेवारीत मी आणि बायको नऊ दिवस असा एक ट्रेलर घेऊन ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात फिरलो. सतरा फुटी, भाड्याचा. ओढायला मित्राचा पिकअप. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. आम्ही ती ॲरिझोनातच स्वतःला लावून घेतली होती. फिनिक्सहून निघालो तेव्हा ठरवलं होतं की दिवसाला शंभर-सव्वाशे मैलांच्या वर जायचं नाही, आणि जागा आवडली तर तिथेच दोन-तीन रात्री थांबायचं. लॅपटॉप घरी. मागून येणारे ट्रक आम्हाला ओलांडून जात होते आणि पहिल्यांदाच त्याचं काही वाटत नव्हतं.

स्वच्छ पाण्याची टाकी ३० गॅलनची, म्हणजे साधारण ११४ लिटरची. दोन माणसांना चार-पाच दिवस पुरवायची तर हात आखडता घ्यावा लागतो. पहिल्या दिवशी आम्ही शॉवर वापरला. दुसऱ्या दिवशी बादली आणि मगावर आलो. तिसऱ्या दिवशी पाच लिटरमध्ये अंघोळ जमायला लागली आणि मला त्याचा अभिमान वाटायला लागला. ताटं आधी कागदाने पुसून मग धुवायची, तांदळाचं पाणी भाजीत घालायचं, दात घासताना पेला भरून घ्यायचा. दर संध्याकाळी मी बटण दाबून दिवे बघायचो. यात मजा होती, हे कबूल करायला हवं. ऑफिसातल्या डॅशबोर्डसारखीच, फक्त इथला आकडा खरा वाटत होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही क्वार्ट्झसाइटला होतो. फिनिक्सपासून पश्चिमेला सव्वाशे मैलांवरचं, अडीच हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. हिवाळ्यात मात्र त्याच्या चारी बाजूंना हजारो ट्रेलर आणि मोटरहोम उभे राहतात. कारण गावाभोवतीची बरीचशी जमीन सरकारी आहे, 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट'ची. या खात्याकडे देशभरात साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, आणि तिच्यातल्या पुष्कळ भागात कुणालाही साधारण चौदा दिवस फुकट तळ टाकता येतो. पाणी नाही, वीज नाही, संडास नाही. क्रिओसोटची झुडपं, खडी आणि आकाश. मग सामान उचलायचं आणि दुसरीकडे जायचं.

त्याच खडीवर दोन तऱ्हेची माणसं शेजारी शेजारी राहतात हे समजायला आम्हाला एक दिवस लागला. एक, थंडी टाळायला उत्तरेकडून आलेली निवृत्त जोडपी. त्यांच्या मोटरहोमची किंमत आमच्या पगारांच्या हिशोबातही चटकन बसत नाही. दुसरी, ज्यांना भाडं परवडत नाही म्हणून गाडी हेच घर झालं आहे अशी. खुर्च्या तशाच, शेकोटी तशीच, चौदा दिवसांचा नियमही तोच. एकासाठी चौदा दिवस म्हणजे सुट्टी आणि दुसऱ्यासाठी घर रिकामं करण्याची नोटीस.

त्या सकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. लातूरला रात्र झाली होती. मी कौतुकाने तिला दिव्यांची पट्टी दाखवली, बादली दाखवली, पाच लिटरची अंघोळ सांगितली. तिने आधी विचारलं, "कुठं हिंडायलाव तुम्ही?" मग हसली. म्हणाली, "आम्ही हेच करत होतो की रे. आमचे फोटो पेपरवाले काढायचे, तुम्ही तुमचेच काढायलाव."

मीही हसलो. मग संध्याकाळ झाली.

आमच्यापासून पन्नासेक पावलांवर एक जुनी मिनीव्हॅन उभी होती. मागच्या काचेला आतून चादर लावलेली. तिच्यात साठीच्या आसपासची एक बाई आणि एक कुत्रा राहत होता. दिवस मावळताना ती आली. हातात दोन रिकामे कॅन होते, एकेक गॅलनचे. तिने थोडं पाणी मिळेल का असं विचारलं. गाडीत पेट्रोल कमी आहे, उद्या-परवा गावात जाणारच आहे, तोवर कुत्र्यापुरतं आणि तिच्यापुरतं.

मी तिच्यासमोर आत जाऊन बटण दाबून आलो. एक तृतीयांशचा दिवा लागला होता, दोन तृतीयांशचा नव्हता. मी म्हणालो, "सॉरी, आमच्याकडेच कमी आहे."

ती म्हणाली, "हो, हो, समजू शकते." आणि गेली. रागावली नाही. बहुधा हे वाक्य तिने पुष्कळदा ऐकलं असेल.

बायको स्टोव्हपाशी होती. तिने सगळं ऐकलं होतं. जेवताना ती काही बोलली नाही. झोपताना म्हणाली, "नाही म्हणायचं होतं तर म्हणायचं. खोटं का बोललास?"

"खोटं कुठे? दिवा बघून आलो ना."

"तू दिवा बघायला गेलास तेव्हाच तुला काय सांगायचं ते ठरलं होतं."

मी माझी बाजू मांडली, आणि ती बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. वाळवंटात माणशी दिवसाला निदान एक गॅलन पाणी जवळ हवं, असं सगळीकडे सांगतात. आम्हाला अजून दोन रात्री काढायच्या होत्या. गाडी बिघडली तर? आज दिलं तर उद्या पुन्हा येईल. तिने कदाचित आणखी चार जणांकडे मागितलं असेल. आपण काय सगळ्यांना पुरणार आहोत? बायको म्हणाली, "गाव नऊ मैलांवर आहे." आणि कूस बदलली.

सकाळी मी दोन गॅलन भरून व्हॅनकडे निघालो, तर तिथे व्हॅन नव्हती. खडीवर फक्त टायरच्या खुणा होत्या. ती पाण्यासाठी गेली, की पोलिसांनी उठवलं, की दुसऱ्या कुणाजवळ सरकली, हे कळायला मार्ग नव्हता. शेवट गोड व्हावा म्हणून मी ती नंतर भेटली असं लिहू शकलो असतो. ती भेटली नाही.

आमचं तिथलं मन उडालं. एक रात्र आधीच निघालो आणि गावात पाणी भरायला थांबलो. तिथे मशीन असतं. नाणी टाकायची, नळी लावायची, किती गॅलन गेले ते आकड्यात दिसतं. १३ गॅलनवर टाकी ओसंडून वाहायला लागली.

मी इंजिनिअर आहे. तीसातून तेरा वजा करायला मला वेळ लागायला नको होता, पण मी नळी हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. टाकीत १७ गॅलन शिल्लक होते. जवळजवळ ६४ लिटर. तेही रात्रीची भांडी आणि सकाळच्या दोघांच्या अंघोळी झाल्यावर.

दिवा बिघडला नव्हता. या टाक्यांच्या भिंतीत ठरावीक उंचीवर धातूचे खिळे बसवलेले असतात. पाणी खिळ्यापर्यंत पोचलं की सर्किट पूर्ण होतं आणि दिवा लागतो. म्हणजे 'एक तृतीयांश' याचा अर्थ 'निदान एक तृतीयांश'. दहा गॅलन असले तरी तोच दिवा आणि साडेएकोणीस असले तरी तोच. मला हे माहीत नव्हतं असंही नाही. असा सेन्सर मी कुणा दुसऱ्याच्या कोडमध्ये पाहिला असता तर पहिला प्रश्न हाच विचारला असता. त्या संध्याकाळी विचारला नाही, कारण मला उत्तर नको होतं. मला पुरावा हवा होता.

मग आणखी एक गोष्ट आठवली. ती गाळून हा लेख लिहिला असता तर तो बराच सभ्य झाला असता. आदल्या दिवशी दुसऱ्या बाजूच्या मोटरहोममधल्या एका कॅनेडियन आजोबांना मी अर्धी बादली पाणी दिलं होतं. गाडीची काच धुवायला. त्यांनी मागितलंही नव्हतं. त्यांची बाटली संपलेली पाहून मीच पुढे झालो होतो. मग त्यांच्याकडे कॉफी घेतली, गप्पा झाल्या. तेव्हा बटण दाबायला मी आत गेलो नव्हतो.

एका कुटुंबाला अर्धी बादली काचेसाठी आणि दुसऱ्या बाईला पिण्यासाठी दोन गॅलनही नाही. यात पाण्याचं प्रमाण हे कारण असूच शकत नाही. मराठीत वाढलेल्या माणसाला हे कळायला वाळवंटात जायची गरज पडू नये. मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपलं तळं खुलं असल्याचं ठरवलं. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना आणि हजारो माणसांना चवदार तळ्यावर चालत जाऊन पाणी प्यावं लागलं, त्याबद्दल मार खावा लागला, आणि कोर्टातली लढाई १९३७ पर्यंत चालली. तळं आटलेलं नव्हतं. माझी दोन गॅलनची गोष्ट त्या इतिहासाशेजारी ठेवण्याच्या लायकीची नाही, ती मी ठेवतही नाही. एवढंच म्हणतो की पाणी नाकारायला टंचाई लागतेच असं नाही. टंचाई हे नकाराचं कारण असू शकतं. पण पुष्कळदा ती नकाराचं निमित्त असते. आणि निमित्त हाताशी असलं की कारण काय ते स्वतःलाही सांगावं लागत नाही.

रात्री बायकोशी वाद घालताना मी नकळत जे बोललो ते एका प्रसिद्ध निबंधातलं होतं हे नंतर लक्षात आलं. गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९७४ साली 'लाइफबोट'चं उदाहरण मांडलं. होडीत ५० माणसं आहेत, जागा ६० जणांची, आणि पाण्यात १०० जण पोहत आहेत. सगळ्यांना घेतलं तर होडी बुडेल. दहांना घेतलं तर ऐनवेळी उपयोगी पडणारी शिल्लक जागा जाईल, आणि ते दहा कोण हे ठरवायचं कसं? म्हणून कुणालाच घेऊ नये. ज्याचं मन खात असेल त्याने खुशाल उतरून आपली जागा दुसऱ्याला द्यावी. हार्डिन हे श्रीमंत आणि गरीब देशांबद्दल म्हणत होता. 'गाडी बिघडली तर?', 'सगळ्यांना पुरणार आहोत का?', 'उद्या पुन्हा येईल', हे माझे तिन्ही मुद्दे त्याच्या होडीतलेच होते.

होडीचा हिशोब होडीपुरता चुकीचा नाही. पण त्या गोष्टीत एक अट आधीच घालून ठेवलेली असते. आजूबाजूला किनारा नाही. किनारा दिसत असेल तर सगळा हिशोब बदलतो. मग प्रश्न 'कुणाला घ्यायचं' हा उरत नाही, 'किती फेऱ्या मारायच्या' हा होतो. माझा किनारा नऊ मैलांवर होता. पिकअपमध्ये अर्धी टाकी पेट्रोल होतं, खिशात नाणी होती. मी होडीत नव्हतोच. मी होडी होडी खेळत होतो.

डेव्हिड ह्यूमने १७५१ मध्ये यापेक्षा खोल काहीतरी म्हणून ठेवलं आहे. त्याच्या मते न्यायाचे, मालकीचे नियम उपयोगी पडतात ते मधल्या परिस्थितीत, जिथे वस्तू अगदी मुबलकही नसतात आणि अगदी नाहीशाही झालेल्या नसतात. हवेसारखी मुबलक गोष्ट असेल तर 'तुझं-माझं' कुणी करत नाही. आणि जहाज फुटल्यावर जीव वाचवायला जे हाताला लागेल ते धरलं तर त्याला कुणी चोर म्हणत नाही. म्हणजे टोकाची टंचाई माणसाला एक सूट देते. शांत दिवशी जे लागू असतं ते त्या वेळी लागू नसतं.

ही सूट खरी आहे. पण गंमत अशी की ह्यूमच्या गोष्टीत ती बुडणाऱ्याला मिळते, दुसऱ्याची फळी धरण्यासाठी. मी मात्र ती फळीवर आरामात बसून घेतली, फळी न देण्यासाठी.

क्वार्ट्झसाइटच्या दफनभूमीत एक दगडी पिरॅमिड आहे, वर उंटाची आकृती. तो हाजी अलीचा आहे. १८५६ मध्ये अमेरिकी लष्कराने या वाळवंटासाठी उंट आणून पाहिले, तेव्हा त्या उंटांबरोबर ऑटोमन साम्राज्यातून आलेला हा माणूस. नाव उच्चारता येईना म्हणून सैनिकांनी त्याला 'हाय जॉली' केलं. तो १९०२ मध्ये इथेच वारला. तो ज्या जगातून आला तिथल्या इस्लामी कायद्यात 'शफा' म्हणून एक हक्क आहे, तहानेचा हक्क. विहीर तुमच्या मालकीची असली तरी तहानेला आलेल्या माणसाला आणि जनावराला तिथे पाणी पिण्याचा हक्क असतो. त्यात कुत्राही आला. ज्या लोकांना वाळवंट म्हणजे सहल नव्हती त्यांनी 'आपल्याकडे कमी आहे' या वाक्याला हद्द घालून दिली होती. कमी असतंच, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

टाकी भरून आम्ही पश्चिमेला निघालो. वीस मैलांवर कोलोरॅडो नदी ओलांडली की कॅलिफोर्निया आणि ब्लाइथ गाव. तिथे खडी एकदम थांबते आणि हिरवीगार शेतं सुरू होतात. त्यातला मोठा भाग लसूणघासाचा, म्हणजे गुरांच्या चाऱ्याचा. मराठवाड्यातून आलेल्या माणसाला हे चित्र नवं नाही. आमच्याकडे लसूणघासाच्या जागी ऊस असतो. या नदीचं पाणी सात राज्यांनी १९२२ च्या करारात वाटून घेतलं. वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट. एक एकर-फूट म्हणजे बारा लाख लिटरहून जास्त. पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी १५ लाख मिळाले. पण १९२२ ची मोजणी नेमकी चांगल्या पावसाच्या वर्षांवर बेतलेली होती. नदीत तेवढं पाणी सरासरीने नसतंच. त्यामुळे ती आता बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोचत नाही. मेक्सिकोतल्या वाळूतच संपते.

माझ्या भिंतीवरचा दिवा असलेलं पाणी कमी दाखवत होता आणि यांचा करार नसलेलं पाणी जास्त दाखवत होता. मोजणीची चूक दोन्हीकडे होऊ शकते. पण मोजणी काहीही असो, वाटपाच्या टेबलावर ऐकू येतं ते वाक्य एकच. शेतकरी शहराला म्हणतो, वरचं राज्य खालच्या राज्याला म्हणतं: आमच्याकडेच कमी आहे.

चौथ्या आणि पाचव्या रात्री आम्ही जोशुआ ट्री नॅशनल पार्कच्या दक्षिणेला थांबलो. पार्कमधल्या बहुतेक कॅम्पग्राउंडवर पाणी नाही. ते बरोबर आणायचं असतं. तिथून मी आईला पुन्हा फोन केला आणि झालेलं सांगितलं. ती हसेल किंवा रागावेल असं वाटलं होतं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग २०१६ बद्दल बोलली.

त्या वर्षी मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. मांजरा धरण आटलं होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होतील म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी जमावबंदी लावली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरवरून. हे सगळं मी हॉस्टेलवर बसून मोबाइलवर पाहिलं. आईबाबांनी मला सुट्टीत येऊ नको म्हणून सांगितलं होतं. एक माणूस वाढला की दिवसाच्या दोन बादल्या वाढतात. मी पुण्यात शॉवरखाली अंघोळ करत होतो. मला टंचाई माहीत आहे असं मी आजवर समजत आलो, पण तेव्हाही मी बाहेर पडायच्या दाराच्या बाहेरच होतो.

आई म्हणाली, "मी पण खोटं बोलले होते. मागच्या गल्लीतली बाई आली होती हंडा घेऊन. टँकर येऊन सहा दिवस झाले होते. पिंपात पाणी होतं. मी म्हणाले, आमच्याकडेच कमी आहे."

तेच वाक्य. शब्दाला शब्द.

मी विचारलं, मग? ती म्हणाली, "मग काय. किती होतं ते मला बरोब्बर माहीत होतं. बोटाने पिंप वाजवून कळतं. चार दिवस पुरलं असतं. टँकर केव्हा येईल याचा पत्ता नव्हता. तुझ्या आजीची गोळ्यांची वेळ, बाबांचं पथ्य. नाही दिलं. पुढच्या टँकरला पहिले दोन हंडे तिच्याकडे नेऊन ठेवले. ती काही बोलली नाही, मीही नाही बोलले. अजून ती समोरून आली की मला ते आठवतं."

टंचाईने माणसं उदार होतात अशी गोष्ट मला आईकडून ऐकायची होती. ती तिने सांगितली नाही. टंचाईत माणसं हात आखडतात, पिंपावर फळी ठेवतात, खोटं बोलतात. फरक उदारपणाचा नव्हता. फरक असा की तिने किती आहे ते मोजून नाही म्हटलं, मी मोजणं टाळून. तिला बाहेरचा रस्ता नव्हता, मला होता. आणि तिने तो नकार उधारीच्या वहीत लिहून ठेवला, पहिल्या संधीला फेडला, तरी पुसला नाही. मी सकाळी दोन गॅलन घेऊन निघालो तेव्हा माझ्या मनात फेडण्यापेक्षा बायकोला दाखवणं जास्त होतं.

मग अशी हौसेची टंचाई वाईट का? पाच लिटरमध्ये अंघोळ करणं, लॅपटॉप घरी ठेवणं, मुद्दाम कमी सामानात राहणं, ज्याला आज पुष्कळ जण साधं जगणं म्हणतात? मला तसं वाटत नाही. ट्रेलरमध्ये मला पहिल्यांदा पाण्याची दोन्ही टोकं दिसली. घरी आल्यावर मी नळ पूर्वीपेक्षा कमी वेळ सोडतो. हौसेने कष्ट घ्यायला हरकत नाही. हरकत आहे ती त्या कष्टांबरोबर टंचाईची सूटही घेण्याला. खऱ्या टंचाईतला माणूस जोखमीची किंमत मोजतो, म्हणून त्याच्या कठोरपणाला थोडी माफी असते. आपण जोखीम न घेता फक्त माफी उचलतो. ज्याच्याकडे बाहेर पडायचा रस्ता आहे त्याने 'आमच्याकडेच कमी आहे' म्हणण्याआधी त्या रस्त्याने जाऊन यायला हवं. मी म्हणू शकलो असतो, 'हे दोन गॅलन घ्या, आम्ही उद्या भरून आणू.' एवढंच. त्यात त्यागही नव्हता.

परत आल्यापासून हे वाक्य मला सगळीकडे ऐकू येतं, बहुतेक वेळा माझ्याच तोंडून. टीममधला नवा मुलगा अडकला की 'सध्या बँडविड्थ नाही'. मित्राने पैसे मागितले की 'या महिन्यात जरा टाइट आहे'. आईचा फोन कापताना 'वेळच मिळत नाही गं'. यातलं काही वेळा खरं असतं. पण दर वेळी एक तृतीयांशचाच दिवा लागलेला असतो आणि टाकीत नक्की किती आहे ते मी क्वचितच पाहतो. आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांना आपण सतत काठावर आहोत असं वाटतं. नोकरीची, भाड्याची, व्हिसाची भीती खोटी नाही. पण भीती खरी असणं आणि टाकी रिकामी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नवव्या दिवशी ट्रेलर परत केला. भाड्याच्या अटीत लिहिलेलं असतं की तिन्ही टाक्या रिकाम्या करून द्यायच्या. सांडपाण्याच्या दोन टाक्या आम्ही डम्प स्टेशनवर सोडल्या होत्या. स्वच्छ पाण्याची टाकी तिथल्या आवारातच उघडायला सांगितली. मी खाली वाकून झडप फिरवली आणि पाणी खडीवर पडायला लागलं. बायकोने आत जाऊन बटण दाबलं आणि मला ओरडून सांगितलं, "एक तृतीयांश." आमच्याकडे रिकामे कॅन नव्हते, घर तासाभरावर होतं, आणि आवारातल्या माणसाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. टाकी रिकामी व्हायला बराच वेळ लागला.